सही तिचीच पुरते

आधी मुद्द्याचं सांगून टाकते, मग बाकीचं. 18 वर्षांवरच्या बाईला गर्भपात करून घ्यायचा असेल तर कायद्याने संमती फक्त तिची लागते. नवऱ्याची लागत नाही, सासूची लागत नाही, आईबाबांची पण लागत नाही. मुलं बंद करायच्या ऑपरेशनला सुद्धा सरकारच्याच नियमांत स्पष्ट लिहिलंय की जोडीदाराच्या संमतीची गरज नाही. हे इतकं ठासून लिहितेय कारण आमच्या गोव्यातल्या चांगल्या शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, स्वतःची स्कूटर घेऊन डिचोलीहून पणजीला रोज ये-जा करणाऱ्या बायकांना पण हे माहीत नाही आणि हॉस्पिटलच्या काउंटरवर बसलेल्यांना तर त्याहून नाही.

माझ्या एका वहिनीचं सांगते. तिला विचारूनच लिहितेय, आणि ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदललेत. तिचा नवरा बोटीवर असतो. आमच्याकडे यात नवीन काही नाही, कितीतरी घरांतले पुरुष बोटीवर नाहीतर गल्फमध्ये, महिनोन्महिने घरी नसतात, आणि घर, पोरं, सासऱ्यांची औषधं, बँक, पंचायतीतली कामं सगळं बाईच ओढते. वहिनीचं दुसरं बाळंतपण पण सिझरच होणार हे ठरलेलं होतं, म्हणून तिने सातव्या महिन्यातच डॉक्टरांना सांगून ठेवलं की सिझरच्या वेळीच ऑपरेशन पण करून टाका, मला तिसरं नको. डॉक्टर हो म्हणाले. ॲडमिट व्हायच्या दिवशी मी सोबत होते. काउंटरवरच्या मुलीने फाईल चाळली आणि विचारलं, "मिस्टर येवंक नात?" वहिनी म्हणाली, ते बोटीवर आहेत. "मागीर ऑपरेशनाच्या फॉर्मार तांची सही जाय." म्हणजे मग ऑपरेशनच्या फॉर्मवर त्यांची सही हवी.

फॉर्म इंग्लिशमध्ये होता. खाली दोन रेघा, एकीखाली पेशंट आणि दुसरीखाली हजबंड, आणि हजबंडच्या रेघेपाशी पेनाने फुली मारून ठेवलेली, बँकेत सही कुठे करायची ते दाखवायला मारतात तशी. पेशंटच्या रेघेपाशी काहीच खूण नव्हती.

मग व्हॉट्सॲप सुरू झालं. बोट भर समुद्रात, नेट मिळेल तेव्हा मिळेल, मेसेजवर एकच टिक. दीर म्हणाला मी करतो सही, आणि त्या मुलीला ते चाललं असतं! जिचं पोट उघडणार तिची सही पुरत नाही आणि दिराची चालते, हे ऐकून मला तिथे उभ्या उभ्या रडू यायचं बाकी होतं. वहिनीने सरळ नको म्हटलं. म्हणाली माझ्या अंगाचं काय करायचं ते भावजींच्या सहीने ठरायला नको. सिझर झालं, ऑपरेशन राहिलं. डॉक्टर म्हणाले मागाहून बघू. आणि बाळ अजून नीट उभं पण राहत नव्हतं, नवरा सुट्टीवर येऊन गेला आणि तिला परत दिवस गेले. सिझरनंतर इतक्या लवकर परत गरोदरपण म्हणजे गर्भाशयाच्या जुन्या टाक्यांवर ताण, तिला ते डॉक्टरांनीच आधी सांगितलेलं. गर्भपातासाठी दुसऱ्या हॉस्पिटलात गेलो तर तिथे पण पहिला प्रश्न तोच. या वेळी मी वाचून गेले होते. मी म्हटलं, कायद्यात कुठे लिहिलंय ते दाखवा. थोडी कुजबुज झाली, आतून एक सिनियर डॉक्टर आल्या आणि म्हणाल्या बरोबर आहे, गर्भपाताच्या संमतीचा जो फॉर्म सी असतो त्यावर पेशंटचीच सही लागते. पाच मिनिटांत काम झालं.

गर्भपाताचा हा कायदा 1971 चा, लागू झाला 1 एप्रिल 1972 पासून. आमच्या आया तरुण होत्या तेव्हापासून त्यात लिहिलंय की गर्भवतीच्या संमतीशिवाय गर्भपात करायचा नाही, आणि पालकाची संमती लागते ती फक्त मुलगी 18 च्या खालची असेल किंवा मानसिक आजारी असेल तर. 2021 मध्ये बदल झाला, आता 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, 20 ते 24 पर्यंत काही ठरावीक परिस्थितीतल्या बायकांना दोन डॉक्टरांचं मत लागतं, आणि त्यापुढे गर्भात गंभीर दोष असेल तर मेडिकल बोर्ड ठरवतं. गर्भनिरोधक फेल गेलं हे कारण आधी फक्त विवाहित बाई आणि तिच्या नवऱ्यापुरतं होतं, आता तिथे बाई आणि तिचा जोडीदार असे शब्द आलेत. तुमचं नाव बाहेर फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हे पण त्याच कायद्यात आहे.

यात एक गोष्ट मला अजून खटकते. संमती बाईची, पण कारण पटायला हवं डॉक्टरला. मला नको एवढं म्हणून चालत नाही, कायद्यातल्या कुठल्यातरी कारणात ते बसवावं लागतं आणि ते बसलं की नाही हे समोरचा डॉक्टर ठरवतो. चांगला डॉक्टर मिळाला तर प्रश्न नाही. नाही मिळाला तर आठवडे उलटत जातात, आणि प्रत्येक आठवड्यागणिक गोष्ट जास्त अवघड होते. 29 सप्टेंबर 2022 ला सुप्रीम कोर्टाने जो निकाल दिला, ज्यात अविवाहित मुलींना पण 24 आठवड्यांपर्यंतचा हक्क मिळाला, त्यात कोर्टाने हेच बोलून दाखवलंय की डॉक्टर लोक कायद्यात नसलेल्या अटी घालतात, घरच्यांची संमती मागतात, कागदपत्रं मागतात, आणि हे बंद झालं पाहिजे. त्याच निकालात या कायद्यापुरतं नवऱ्याने केलेला बलात्कार हा पण बलात्कारच धरायचा असं म्हटलंय.

माझी शाळेतली एक मैत्रीण गायनॅक आहे. तिच्याशी यावर खूप वेळ बोलले, भांडलेच म्हणा. ती म्हणते, "तू कायदा सांगतेस गो, पण रात्री नवरा दहा माणसं घेऊन ओपीडीत शिरतो तेव्हा कायदा येत नाही माझ्या सोबतीला." हे खरं आहे, डॉक्टरला मारहाण झाल्याच्या बातम्या आपण वाचतो, आणि सगळ्या डॉक्टरांना वाईट ठरवायला मी हे लिहीत नाहीये. 2007 मध्ये घटस्फोटाच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टानेच म्हटलंय की जोडीदाराला न सांगता, वैद्यकीय कारण नसताना नसबंदी किंवा गर्भपात करून घेतला तर ती मानसिक क्रूरता ठरू शकते, आणि डॉक्टर लोक त्याचा धसका घेऊन बसलेत. पण तो नवराबायकोमधला घटस्फोटाचा विषय झाला. डॉक्टरने नवऱ्याची सही आणायला लावावी असं त्यातून कुठे निघतं? एका नवऱ्याने तर बायकोवर आणि डॉक्टरांवर दावाच ठोकला होता की माझ्या संमतीशिवाय गर्भपात केला, 30 लाख द्या. पंजाब-हरियाणा हायकोर्टाने 2011 मध्ये त्याला सांगितलं की संमती फक्त बायकोची लागते, आणि 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याचं अपील फेटाळलं. मैत्रिणीला मी हे पाठवलं. ती म्हणाली हे आम्हाला कोणी नीट शिकवलंच नाही, आम्हाला शिकवलं की जितक्या सह्या जास्त तितकी तू सेफ.

पण मला वाटतं भीती हे अर्धंच कारण. बाईची कूस ही घराची मालमत्ता असं आपण मनातून धरूनच चालतो. पोर्तुगीजांनी 1880 मध्ये गोव्यातल्या हिंदूंच्या चालीरीतींचा म्हणून जो कायदा केला त्यात लिहिलंय की बायकोला 25 वर्षांपर्यंत मूल झालंच नाही, किंवा 30 वर्षं पूर्ण झाली तरी मुलगा झाला नाही, तर नवऱ्याचं दुसरं लग्न कायदेशीर धरायचं. समान नागरी कायद्याबद्दल गोव्याचं नाव देशभर घेतात तेव्हा हे कलम कोणाला आठवत नाही. आज असं दुसरं लग्न उघडपणे करणारं कोणी माझ्या बघण्यात नाही, पण 'मुलगा झाला नाही' हे वाक्य कुठल्या आवाजात बोलतात ते माझ्या पिढीच्या बायकांनी पण ऐकलेलं आहे. अशा घरातून आलेली माणसंच काउंटरवर बसतात, डॉक्टर होतात, आणि फॉर्म छापतात.

आता समीरा कोहली केसबद्दल. वैद्यकीय संमतीवर आपल्याकडे बोलायचं तर या केसशिवाय पुढे जाताच येत नाही. 1995 मधली दिल्लीतली गोष्ट. 44 वर्षांची अविवाहित बाई, पाळीचा त्रास म्हणून डॉक्टरकडे गेली, दुर्बिणीने तपासणी करायची ठरलं, त्यासाठी तिने सही केली आणि तिला भूल दिली. ती बेशुद्ध असताना डॉक्टरने बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय आणि दोन्ही बीजकोश काढून टाकले. ती शुद्धीवर आली तेव्हा सगळं होऊन गेलेलं. 2008 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आईची संमती इथे चालत नाही. पेशंट सज्ञान होती, थोड्या वेळात शुद्धीवर येणारच होती, जिवाला धोका नव्हता, तर थांबायचं होतं, ती जागी झाल्यावर तिला विचारायचं होतं. तपासणीची संमती म्हणजे ऑपरेशनची संमती नाही. आणि नुसती सही पुरत नाही, काय करणार, का करणार, फायदा काय, धोका काय, दुसरे उपाय कोणते, काहीच केलं नाही तर काय होईल, हे पेशंटला कळेल असं सांगायला हवं. भरपाई किती मिळाली? 25 हजार रुपये, आणि डॉक्टरने फी घ्यायची नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आकडा परत परत बघितला.

आमच्या गावात 'पिशवी काढली' असं किती सहज बोलतात. चाळिशीतली बाई, अंगावर जातंय म्हणून गेली, पुढच्या आठवड्यात पिशवी काढून घरी. का काढली विचारलं तर सांगते, डॉक्टर म्हणाले नाहीतर कॅन्सर होईल. गाठ किती मोठी होती, गोळ्या किंवा गर्भाशयात बसवायचं हॉर्मोनचं साधन चाललं असतं का, बीजकोश ठेवले की ते पण काढले, यातलं काहीच तिला माहीत नसतं. बीजकोश गेले की एका रात्रीत रजोनिवृत्ती सुरू होते, हाडं लवकर ठिसूळ होतात, झोप उडते, संबंधाच्या वेळी दुखतं, आणि हे आधी कोणी सांगितलेलं नसतं म्हणून बाई समजते आपल्यालाच काहीतरी झालंय. बीडच्या ऊसतोड बायकांचं 2019 मध्ये बाहेर आलं ते आपण सगळ्यांनी मराठी पेपरांत वाचलं, पाळीत सुट्टी घेतली तर मुकादम दंड लावतो म्हणून तरुण बायका पिशव्या काढून घेत होत्या. गोव्यात तसं घाऊक काही चाललंय असं मी म्हणत नाही. मी म्हणतेय की न सांगता, न विचारता काढायची सवय तीच आहे.

आणि हे न विचारणं दोन्ही बाजूंनी चालतं. आमच्या घराजवळ एक बिल्डिंग उभी राहतेय, तिथे काम करणारी विजापूरकडची एक बाई आहे, तिच्यासोबत मी एकदा तपासणीला गेले होते कारण तिला कोकणी जेमतेम येते. गरोदर होती. नर्सने विचारलं कितवं, तिने तीन बोटं दाखवली. लगेच, "पुरो आता, ऑपरेशन करून घे, नाव घालूं?" नवऱ्याची सही कोणाला आठवली नाही! मी मोडक्यातोडक्या हिंदीत विचारत बसले तेव्हा कळलं की तीनांतला मधला मुलगा तापाने गेलेला आहे. तिला ऑपरेशन नकोच होतं. माझ्या वहिनीने मागितलं तर तिला मिळालं नाही, आणि हिने मागितलं नाही तर हिच्या गळ्यात घालत होते. एकीच्या नावापुढे अब्रूदार घर होतं, दुसरीच्या नावापुढे साइटवरची झोपडी, आणि दोघींना कोणी विचारलं नाही की तुला काय हवंय.

नोव्हेंबर 2014 मध्ये छत्तीसगडात बिलासपूरला एका सर्जनने एका शिबिरात काही तासांत 83 बायकांची नसबंदी केली, आणि त्या आठवड्यातल्या शिबिरांनंतर डझनाहून जास्त बायका मेल्या. सगळ्या गरीब घरच्या. मग 2016 मध्ये देविका बिश्वास केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ही शिबिरं तीन वर्षांत बंद करा. आणीबाणीत पुरुषांची जबरदस्तीने नसबंदी झाली, त्यावरून सरकार पडलं, आणि तेव्हापासून सगळं ओझं बायकांच्या पोटावर आलं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या लग्न झालेल्या बायकांपैकी 37.9 टक्के बायकांचं ऑपरेशन झालेलं होतं आणि पुरुष नसबंदी 0.3 टक्के. पुरुषाचं ऑपरेशन सोपं, पोट उघडायचं नाही, त्याच दिवशी घरी. तरी 0.3.

1994 मध्ये शिकागोत काळ्या बायकांचा एक गट जमला आणि त्यांनी प्रजनन न्याय असा विचार मांडला. त्यांचं म्हणणं होतं की गर्भपाताचा हक्क तर हवाच, पण मूल हवं असेल तर ते होऊ देण्याचा हक्क पण हवा, आणि झालेलं मूल सुरक्षित वाढवता येईल अशी जागा, पगार, पाणी, दवाखाना हवा. त्या विजापूरच्या बाईसाठी मला हा विचार सगळ्यात जवळचा वाटतो, कारण तिचा मुलगा तापाने गेला तेव्हा तिच्या बाजूला यातलं काहीच नव्हतं.

लग्न न झालेल्या मुलींचं वेगळंच. पोटात दुखतंय, पाळी चुकतेय, जळजळ होतेय म्हणून जा, पहिला प्रश्न 'लग्न झालंय?' डॉक्टरला खरं विचारायचं असतं संबंध आले आहेत का, ते सरळ विचारायचं नसतं, आणि सोबत आई बसलेली असते. मुलगी नाही म्हणते. त्या एका नाही वर पुढच्या तपासण्या ठरतात, प्रेग्नन्सी टेस्ट राहून जाते, इन्फेक्शनची तपासणी राहून जाते. आईला दोन मिनिटं बाहेर बसवून मुलीला एकटीला विचारायला कितीसा वेळ लागतो? आणि विधवा बायका, साठीच्या बायका, त्यांना तर कोणी काहीच विचारत नाही, त्यांना शरीर आहे हेच जणू संपलेलं असतं.

आमच्या गोव्यातच यावर फार मोलाचं काम झालंय. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 नंतरच्या त्या पहिल्या वर्षांत हळदोण्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भागात जवळपास 2500 बायकांचा अभ्यास केला. अंगावरून पांढरं जातं ही तक्रार घेऊन बायका येतात, डॉक्टर इन्फेक्शनच्या गोळ्या देतात, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. अभ्यासात दिसलं की संबंधातून होणारे आजार थोड्याच बायकांना होते, आणि पांढरं जाण्याच्या तक्रारीचं नातं इन्फेक्शनपेक्षा जास्त मनावरच्या ताणाशी, उदासीशी, अंगभर दुखण्याशी होतं. आणि ही उदासी कुठून येते बघितलं तर नवऱ्याची दारू, मारहाण, मनाविरुद्ध संबंध, घरात शब्दाला किंमत नसणं, पाठीशी कोणी नसणं, हीच सगळी कारणं पुढे आली. माझ्या आजीला मी आयुष्यभर 'पांढरं जातं गे' म्हणताना ऐकलं, कंबर धरून बसायची, कोणीतरी तांदळाची पेज करून द्यायचं. डॉक्टरच्या खोलीत बाईला जे बोलायची परवानगी आहे त्यात हे एक वाक्य बसतं, बाकीचं बसत नाही, म्हणून ती तेवढंच बोलते. तिला पुढचा एक प्रश्न विचारायला हवा, घरी सगळं ठीक आहे ना, रात्री झोप लागते का. काही औषध लागत नाही त्याला, फक्त पडदा ओढलेला हवा आणि दाराबाहेरची माणसं आत डोकावायला नकोत.

आता कामाचं. काउंटरवर कोणी नवऱ्याची सही मागितली तर भांडू नका, शांतपणे सांगा की कुठल्या नियमाने लागते ते लिहून द्या. लिहून कोणी देत नाही, कारण तसा नियमच नाही. मुलं बंद करायचं ऑपरेशन बाळंतपणाच्या वेळीच करून हवं असेल तर आधीच्या तपासण्यांमध्येच फॉर्म मागून घ्या, घरी आणून वाचा, सही करून फाईलला लावा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कारण कळा सुरू असताना किंवा गुंगीत असताना घेतलेली संमती धरायची नाही असं सरकारचे नियमच सांगतात. फॉर्म इंग्लिशमध्ये असेल तर मराठीत किंवा कोकणीत समजावून सांगा म्हणा, कळेपर्यंत पेन हातात घेऊ नका. पिशवी काढायला सांगितली तर रिपोर्ट घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जा, बांबोळीला जीएमसीत, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात जा, आणि बीजकोश ठेवणार की काढणार हे ऑपरेशनच्या आधी स्वतः विचारा. ज्या सिनियर डॉक्टरांनी वहिनीची बाजू घेतली तशा डॉक्टर आपल्याकडे आहेत, त्यांच्याकडे जास्त बायका जायला लागल्या की बाकीचे पण फॉर्म बदलतील.

डिचोली, साखळी, सत्तरी या बाजूला कोणाला सोबत हवी असेल, नवरा बोटीवर असेल, आईला सांगायचं नसेल, एकटीला भीती वाटत असेल, तर मला मेसेज करा. शनिवारी मला सुट्टी असते. मी येते.